‘कधीतरी’ म्हणजे कोणता वार?

माझी आत्या रामबागेत राहते, मी राजेंद्रनगरात. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते: दोन्हीकडे मराठी घरं पुष्कळ, आणि मधलं अंतर रहदारी धरून जेमतेम अर्ध्या तासाचं. आत्या ८४ वर्षांची आहे. दर आठवड्याला तिचा फोन येतो आणि दर वेळी एकाच वाक्यावर संपतो, "ये गं कधीतरी." मीही दर वेळी म्हणते, "येते आत्या, एवढं जरा आटपलं की."

तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाले तरी हात आपसूक कागदाकडे जातो. गेल्या पौषात असाच फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर सहज आकडे मांडले. सरत्या वर्षात मी आत्याकडे चार वेळा गेले होते. संक्रांतीचं हळदीकुंकू, गणपती, दिवाळी, आणि ती न्हाणीघरात घसरली तेव्हा एकदा. दर खेपेला साधारण दीड तास. आत्या नव्वदीपर्यंत ठणठणीत राहील असं धरलं (राहीलच, तिचे दात अजून तिचे स्वतःचे आहेत) तर सहा वर्षं हातात. सहा चोक चोवीस खेपा. ज्यांची दिडकी पाठ आहे त्यांना पुढचं सांगायला नको: छत्तीस तास.

छत्तीस तास म्हणजे दीड दिवस. मी दोनदा तपासलं. जिने मला सायकल शिकवली, जिच्याकडे मी मॅट्रिकच्या सुट्टीत दोन महिने राहिले होते, तिच्यासोबतचं माझं उरलेलं आयुष्य म्हणजे दीड दिवसाचा गणपती. आणला, आरती झाली, दुसऱ्या दिवशी विसर्जन.

आयुष्य थोडं आहे हे आपण कीर्तनात ऐकतो, स्मशानातून परतताना एकमेकांना सांगतो, आणि घरी येऊन अंघोळ झाली की विसरतो. हे वाक्य इतकं खरं असूनही इतकं निष्प्रभ का, हा प्रश्न मला त्या पौषात पडला आणि मग मी वाचत गेले. मानसशास्त्र माझा विषय नव्हे. पण जे समजलं ते फळ्यावर मांडावं तसं इथे मांडते.

आधी सरासरीचा घोळ निस्तरू. भारतात जन्मणाऱ्या बाळाचं सरासरी आयुर्मान सध्या ७० वर्षांच्या आसपास आहे. स्वातंत्र्याच्या सुमाराला ते ३२च्या जवळपास होतं. मी साठीत निवृत्त झाले तेव्हा स्टाफरूममध्ये एक सहकारी कौतुकाने म्हणाले, "बाई, अजून दहा वर्षं तरी मजेत!" सत्तरातून साठ वजा केले, झालं. गणिताच्या बाईसमोर असली वजाबाकी करायला धैर्य लागतं.

जन्मावेळच्या आयुर्मानात पाळण्यातच गेलेली बाळं असतात, विशीत अपघातात गेलेली मुलं असतात, बाळंतपणात गेलेल्या बायका असतात. जी व्यक्ती साठीपर्यंत पोचली तिने हे सगळे घाट ओलांडलेले असतात. म्हणून तिच्यापुढची सरासरी नव्याने काढावी लागते, आणि भारतात साठाव्या वर्षी ती सुमारे १८ वर्षं येते, बायकांची थोडी जास्त. इंदूरमध्ये राहून अहिल्याबाईंचं नाव न घेता लेख पुरा होत नाही, तर त्यांचंच उदाहरण घेऊ. त्या १७२५ ते १७९५, म्हणजे ७० वर्षं जगल्या. त्यांचा मुलगा मालेराव १७६७ साली गेला, तेव्हा तो बाविशीच्या आसपास होता. दोघांची सरासरी काढा: ४६. पण त्या घरात ४६व्या वर्षी कोणीच गेलं नाही. सरासरी हे कोणाचंच आयुष्य नसतं. मागच्या शतकांत लोक तिशीतच म्हातारे होऊन मरत, हा गैरसमज याच घोळातून येतो.

तर माझ्या वाट्याला, सरासरीने, १८ वर्षं. आठवड्यांत मोजली तर ९४० च्या आसपास गुरुवार. ऐकायला बरे वाटतात. पण तीच १८ वर्षं गराडूत मोजून पाहा. गराडू म्हणजे आपल्याकडचा तो कंद, तळून वर मसाला आणि लिंबू, आणि तो मिळतो फक्त थंडीत. माझ्याकडे गराडूचे अठरा हिवाळे आहेत. त्यातला एखादा सर्दी-खोकल्यात जाणार, एखादा मुलीकडे बंगळूरला. मोजमाप तेच राहिलं, नुसतं एकक बदललं आणि पोटात गोळा आला.

मला यातून कळलेली पहिली गोष्ट ही. वर्ष हे एकक आयुष्य मोजायला फार ढोबळ आहे. आपण जगतो ते खेपांमध्ये: किती वेळा आईच्या हातचं खाल्लं, किती वेळा त्या मित्राबरोबर रात्री सराफ्यात उभं राहून भुट्ट्याचा कीस खाल्ला, किती वेळा नर्मदेत पाय बुडवून बसलो. खेपा वर्षांआधी संपतात. शेजारच्या वहिनींचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. आईवडील धडधाकट, त्यांची अजून पंधरा वर्षं सहज धरा. पण तो वर्षाकाठी दोनदा, चार-चार दिवस येतो. पंधरा गुणिले आठ, म्हणजे एकशेवीस दिवस. पंधरा वर्षं ऐकून निश्चिंत झालेला माणूस चार महिने ऐकल्यावर रिझर्व्हेशन बघायला लागतो. त्याच्या आईला मी हा हिशेब सांगितलेला नाही, आणि कोणी सांगूही नये. ही गणितं स्वतःची स्वतः करायची असतात.

आता एक बाजू अशी, जी वेळेचं महत्त्व सांगणाऱ्या भाषणांत फारशी येत नाही. वेळ सगळ्यांना सारखा मिळतो, चोवीस तास, असं म्हणण्याची पद्धत आहे. मिळतो सारखा, उरत नाही सारखा. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या सगळ्यांना विचारलं, कालचा दिवस कशात गेला? ज्या बायकांनी त्या दिवशी घरकाम केलं होतं त्यांचा त्यात सरासरी २९९ मिनिटं वेळ गेला. ज्या पुरुषांनी केलं होतं त्यांचा ९७ मिनिटं. आणि चारातल्या जवळपास तीन पुरुषांनी ते केलंच नव्हतं, ते या सरासरीत धरलेलेही नाहीत. फरक २०२ मिनिटांचा. रोजचे २०२ म्हणजे वर्षाला सुमारे ५१ पूर्ण दिवस, रात्री धरून. त्यामुळे "वेळेचा सदुपयोग करा" असं कोणी सांगायला लागलं की मी आधी बघते, सांगणाऱ्याचा चहा कोण करतं. घरातल्या एखाद्या बाईला तिचा वेळ मोलाचा वाटावा असं खरंच वाटत असेल, तर सुविचार पाठवण्यापेक्षा रात्रीची भांडी उचलावीत.

असो.

वर्षं भराभर का जातात, हा यातला सगळ्यात रसाळ भाग. साठीच्या कोणालाही विचारा, गेली दहा वर्षं कुठे गेली कळलं नाही म्हणेल. आणि सहावीतल्या पोराला दिवाळीची सुट्टी लागायला अजून तीन आठवडे आहेत सांगा, त्याचा चेहरा बघा.

एकोणिसाव्या शतकात पॉल जाने नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने याचं सुटसुटीत उत्तर दिलं: प्रमाण. सहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा सहावा हिस्सा, मला साठावा. म्हणून ते मला दसपटीने लहान वाटतं. अपूर्णांकांच्या धड्याला उदाहरण म्हणून झकास. पण त्याने सगळं सुटत नाही. दाढदुखीची रात्र मला साठाव्या वर्षीही सरता सरत नाही, तिथे प्रमाण कुठे गेलं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० साली जानेच्या या कल्पनेची दखल घेतली आणि बोट दुसरीकडे दाखवलं. वय वाढतं तसे दिवस एकसारखे होतात, आठवणीत त्यांचे वेगळे ठसे उमटत नाहीत, आणि मागे वळून पाहताना ती वर्षं पोकळ होऊन आक्रसतात.

म्हणजे मनाकडे घड्याळं दोन. एक चालू क्षणाचं, ते लक्षावर चालतं. लक्ष वेळेवरच असेल तर वेळ लांबतो. म्हणून कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट पाहताना तो मुद्दाम अडून बसल्यासारखा वाटतो. दुसरं घड्याळ मागे वळून पाहण्याचं, ते आठवणींवर चालतं. तिथे नव्या गोष्टी जितक्या जास्त, तितका काळ लांब. ही दोन घड्याळं बहुतेकदा उलटी चालतात. कुठल्याशा खिडकीपुढे रांगेत काढलेले दोन तास त्या वेळी अनंत वाटतात आणि महिन्याभराने आठवणीत उरतच नाहीत. मांडूला पावसाळ्यात घालवलेला दिवस भुर्रकन उडतो, आणि वीस वर्षांनी त्या एका दिवसाचं अर्धा तास वर्णन करता येतं: धुकं, रूपमतीच्या मंडपावरून न दिसलेली नर्मदा, भिजलेले बूट, कोळशावर भाजलेलं कणीस.

एक गमतीचा प्रयोग सांगते. भीतीच्या क्षणी वेळ खरोखर मंदावतो का, हे मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांना तपासायचं होतं. त्यांनी लोकांना ३१ मीटर उंचीवरून पाठीवर, खाली जाळं लावून, सोडलं. (कोण तयार झालं असेल देव जाणे.) नंतर विचारलं, पडायला किती वेळ लागला? आपली स्वतःची पडझड लोकांना दुसऱ्याच्या पडझडीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्तच लांब वाटली. पण पडताना त्यांच्या मनगटावर एक यंत्र होतं, त्यावर आकडे एरवी वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने लुकलुकत होते. वेळ खरंच मंदावला असता तर ते वाचता यायला हवे होते. नाही आले. नजर नेहमीच्याच वेगाने चालली होती. लांबलं ते नंतर, आठवताना, कारण त्या क्षणांची नोंद मेंदूने दाट करून ठेवली होती.

हे वाचलं तेव्हा मला माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. मी ग्वाल्हेरची. इंदूरला आले ते मार्गशीर्षात, आणि त्या पहिल्या चार महिन्यांचं मी पुस्तक लिहीन. पोह्यांबरोबर जिलेबी खातात हे कळलं तो दिवस. वरणभातावरही शेव घालणारे सासरे. सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं मिटली की त्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात, हे पाहिलं ती रात्र. आणि नंतरची तेहतीस वर्षं? आठवी ब, नववी अ, पेपर तपासणी, गॅदरिंग. कोणत्या साली कोणती तुकडी होती ते सांगता येणार नाही. साधारण चाळिशीपुढच्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगा म्हटलं की दहा ते तीस या वयातल्या सर्वांत जास्त निघतात, असं संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळलं आहे. पहिली नोकरी, पहिलं घर, पहिलं मूल, सगळं तिथेच दाटीवाटीने भरलेलं.

याचा अर्थ धडाधड सहली काढाव्यात असा मी तरी घेत नाही. पाच दिवसांत सात देवस्थानं उरकून आलेल्या आमच्या ग्रुपला शेवटी फक्त बसच्या सीट आठवत होत्या. नवेपण लहानही चालतं. मी सकाळी फिरायला जाण्याचा रस्ता महिन्याला बदलते. साठाव्या वर्षी पेटी शिकायला बसले आहे, आणि भूप रागाचे पाच स्वर नीट लागायला गेलेले ते तीन महिने मला गेल्या पाच वर्षांपेक्षा लांब वाटतात. घरच्यांना तर त्याहून लांब वाटत असावेत.

थोडं आडवळण. आपल्या मनगटावरची वेळ इंदूरची नाहीच. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली, तो रेखांश जातो तिकडे मिर्झापूरजवळून. इंदूर ७५.९ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे घड्याळापेक्षा सव्वीस-सत्तावीस मिनिटं मागे चालतो. इथून ५५ किलोमीटरवरचं उज्जैन एके काळी भारतीय ज्योतिषगणिताचा शून्य रेखांश होतं, त्यामुळे हा अन्याय माळव्याला जरा लागतोच. जुन्या मापात हा फरक एका घटकेहून थोडा जास्त. घटका म्हणजे २४ मिनिटं, दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं. आणि ती मोजायची कशी? तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. पाणी आत चढत जातं, वाटी जड होते, चोवीस मिनिटांनी बुडते. लग्नात भटजी असं घंगाळ ठेवत, ते पाहिलेली माणसं अजून आहेत. "घटका भरली" हा शब्द तिथला. मला हे यंत्र आवडतं ते एवढ्यासाठी की किती उरलं ते डोळ्यांना दिसत होतं. वाटीही उचलून पुन्हा सोडायचेच, पण तिचं बुडणं दिसायचं. घड्याळाचा काटा मात्र बारावरून निघून बारावरच येतो. गुरुवारही दर आठवड्याला परत येतो. सगळं परत येतंय असं वाटत राहतं, आणि या वाटण्यातच "कधीतरी" फोफावतं.

कारण पुढचा महिना नेहमी रिकामा दिसतो. झॉबरमन आणि लिंच या दोन अमेरिकन संशोधकांनी २००५ साली हे दाखवलं: पुढच्या महिन्यात आपल्याकडे आजपेक्षा जास्त मोकळा वेळ असेल असं माणसं मनापासून धरून चालतात. पैशाबाबत ती इतकी भाबडी नसतात. पुढच्या महिन्यात पगार दुप्पट होईल असं कोणी समजत नाही, पण वेळ दुप्पट होईल हे सगळे समजतात. म्हणून दोन महिन्यांनंतरच्या मंडळाच्या कार्यक्रमाला आपण हसतमुखाने होकार देतो आणि तो दिवस उगवला की कपाळावर हात मारतो. दोन महिन्यांनंतरच्या त्या दिवसातही दूधवाला आहे, गॅसचा नंबर आहे, सासूबाईंची तपासणी आहे. आज ते दिसत नाही, एवढंच.

कामाच्या अंदाजातही हीच गंमत. १९९४ साली छापलेल्या एका अभ्यासात विद्यापीठातल्या मुलांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. लागले ५५च्या वर. अगदी सगळं बिनसलं तर किती लागतील, हेही विचारलं होतं. ते उत्तर होतं ४९च्या आत. म्हणजे अडचणी कल्पूनही अंदाज तोकडाच पडला. घराचा रंग काढलेल्या कोणालाही हे अभ्यासाशिवाय माहीत असतं.

पण मला जास्त लागला तो वेगळाच निष्कर्ष. माणूस कंटाळवाणी कामं पुढे ढकलतो हे ठाऊक होतं. तो आवडीच्या गोष्टीही तितक्याच निष्ठेने पुढे ढकलतो. सुझन शू आणि उरी नीझी या संशोधकांनी २०१० साली छापलेल्या अभ्यासात लोकांना फुकट खाण्याची कुपनं दिली, काहींना तीन आठवड्यांच्या मुदतीची, काहींना दोन महिन्यांच्या. जास्त मुदत मिळाली म्हणून लोक खूश होते. पण कुपन प्रत्यक्ष वापरलं ते कमी मुदतवाल्यांनी जास्त. मुदत लांब असणाऱ्यांपैकी बरेच जण "आहे की अजून" म्हणत राहिले आणि कुपन वाया गेलं. इथला होळकरांचा लालबाग पॅलेस मी गेल्या पस्तीस वर्षांत तीन वेळा पाहिला आहे, तिन्ही वेळा पाहुण्यांना दाखवायला. पाहुण्यांची परतीची गाडी असते. माझी नसते, असं मला वाटतं.

आता या सगळ्याचा उलटा भाग. मुदत दिसली की माणूस काय करतो? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांचा एक साधा प्रश्न असे: तुमच्याकडे अर्धा तास मोकळा आहे. तो कोणाबरोबर घालवाल? घरातल्या जवळच्या माणसाबरोबर, नुकतीच ओळख झालेल्या पण आवडीनिवडी जुळणाऱ्या कोणाबरोबर, की तुम्ही वाचलेल्या एखाद्या पुस्तकाच्या लेखकाबरोबर? तरुणांची उत्तरं विखुरलेली येतात. वयस्कांची बहुतेक घरच्या माणसाकडे जातात. वरवर पाहता वाटेल, म्हातारपणी उत्सुकता मरते. पण तरुणांना सांगितलं की तुम्ही लवकरच एकटे फार दूरच्या गावी जाणार आहात असं समजा, आणि मग तोच प्रश्न विचारला, तर तेही घरच्या माणसाकडे वळले. वयस्कांना सांगितलं की नव्या औषधाने तुमची वीस वर्षं वाढली असं समजा, तर त्यांचा घरच्यांकडचा ओढा सैल झाला. फरक वयाचा नव्हता, पुढे किती वेळ दिसतो याचा होता.

याची मोठी परीक्षा इतिहासानेच घेतली. १ जुलै १९९७ला हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे जायचं होतं. ती तारीख जवळ आली तशी तिथल्या तरुणांची उत्तरंही म्हाताऱ्यांसारखी होत गेली: नवी ओळख नको, आपलं माणूस हवं. हस्तांतर झालं, आकाश कोसळलं नाही, आणि वर्षभराने तरुण पुन्हा तरुणांसारखी उत्तरं द्यायला लागले. एक शहर काही काळासाठी म्हातारं झालं आणि परत तरुण झालं. विशीतल्या मुलाने कायम घरच्यांनाच निवडावं असं मात्र मी म्हणणार नाही. त्याने नव्या माणसांत धडपडायलाच हवं. शेवट डोळ्यांपुढे ठेवून जगणं चोवीस तास कोणाला झेपणारही नाही.

मर्यादा दिसली की निवड सुरू होते, याचं उदाहरण शोधायला आम्हाला हाँगकाँगपर्यंत जावं लागत नाही. देवास इथून तासाभरावर आहे. कुमार गंधर्व तिथे १९४८च्या जानेवारीत क्षयाने आजारी होऊन आले. विशीतला, अख्ख्या देशात गाजलेला गवई, आणि डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलेलं. पाच एक वर्षं ते अंथरुणावर होते. गाता येत नव्हतं, ऐकता येत होतं. खिडकीबाहेरून जाणाऱ्यांची माळवी लोकगीतं, भिक्षा मागत फिरणाऱ्यांची निर्गुणी भजनं ते ऐकत राहिले. १९५३ साली पुन्हा मैफलीत बसले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी होतं. लांब पल्ल्याच्या श्वासावरचं गाणं शक्य नव्हतं. मग स्वरवाक्यं आखूड झाली, फेक नेमकी झाली, आणि मधल्या शांततेलाही गाण्यात जागा मिळाली. आजाराचे गोडवे मी गाणार नाही, क्षय हा क्षयच. पण श्वास मोजका आहे हे ज्याला ठाऊक आहे तो कुठला स्वर सोडायचा हे ठरवतो. माझ्यासारखे सगळेच स्वर लावायला जातात आणि एकही लागत नाही.

पौषातल्या त्या हिशेबानंतर मी फार काही केलं नाही. आत्याला फोन करून विचारलं, "तुला कुठला वार बरा?" ती गोंधळली. "कशाला गं, काय आहे?" म्हटलं, काही नाही, यायचंय. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "गुरुवार. सकाळी दत्ताला जाऊन आले की दिवसभर मोकळीच असते."

तेव्हापासून गुरुवारी दुपारी चार. पहिल्या दोन गुरुवारी तिने पाहुणी समजून शिरा केला. तिसऱ्या गुरुवारी माझ्यापुढे मटारच्या शेंगांची परात सरकवली, तेव्हा मला खरं पोचल्यासारखं वाटलं. बोलतो काय? बरंचसं काहीच नाही. ती शेजारच्या बांधकामावर देखरेख ठेवते, मी शेंगा सोलते. हा वेळ कशात धरायचा, सदुपयोगात की वाया गेलेल्यात, मला ठरवता येत नाही आणि मी ठरवायचं सोडून दिलं आहे. हिशेब मात्र पुन्हा केला, खोड जात नाही. वर्षाला बावन्न, सहा वर्षांत तीनशे बारा खेपा, चारशे अडुसष्ट तास. साडेएकोणीस दिवस. आमचा गणपती आता अनंत चतुर्दशीलाही हलायला तयार नाही.

परवा बुधवारी रात्री तिचा फोन आला. "हे बघ, उद्या येऊ नकोस. मला सानंदच्या नाटकाला जायचंय, शेजारची पोरगी नेऊन राहिलीय. तू शुक्रवारी ये. आणि येताना लिंबं आण पावशेर, इथला भाजीवाला फार महाग देतो."